पक्षी मोजले, माणसे कोण मोजणार?

दरवर्षी २ फेब्रुवारीला वर्तमानपत्रांत फ्लेमिंगोंची गुलाबी छायाचित्रे झळकतात. जागतिक पाणथळ दिन साजरा होतो. दुर्बीण डोळ्याला लावलेले मंत्रिमहोदय, शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा, एखादे व्याख्यान, की दिवस संपला. आमच्या चळवळीतला वाचक ते पान उलटून पुढे जातो. पक्ष्यांचे काय ते हौशी लोक बघतील, आम्हाला अत्याचार, शिष्यवृत्त्या, आरक्षण आणि गायरान जमिनी हे प्रश्न पुरेसे आहेत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत आम्हाला महागात पडते आहे, एवढेच आज सांगायचे आहे.

ज्या चळवळीचा पहिला मोठा लढा तळ्याच्या काठावर झाला, तिनेच तळी, दलदली आणि खाड्यांचा प्रश्न परका मानावा, हा विसर साधा नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्यानंतरही कोर्टकज्जे चालूच राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. ठराव झाला म्हणून पाणी मिळत नाही, हा धडा आम्ही तिथे शिकलो. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, मज्जाव होता तो माणसांना. आज पाणथळ जागांच्या संरक्षणाकडे पाहताना हाच धडा हाताशी ठेवला पाहिजे.

आधी हे संरक्षण म्हणजे काय ते समजून घेऊ. इराणमध्ये कास्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचे गाव आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे १८ राष्ट्रांनी एक करार केला. तोच रामसर करार. भारत त्यात १९८२ साली सामील झाला. आज १७० हून अधिक देश त्याचे सदस्य आहेत. प्रत्येक देशाने आपल्याकडील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा निवडून यादीत घालायच्या आणि त्यांचे मूळ स्वरूप टिकवायचे, अशी त्याची रीत. २०१४ साली भारतात अशी २६ स्थळे होती. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचे निमित्त साधून ऑगस्ट २०२२ मध्ये ती ७५ झाली आणि आता संख्या नव्वदीच्या पुढे गेली आहे. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर, बुलढाण्याचे लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी ही तीन रामसर स्थळे आहेत.

करारातली पाणथळीची व्याख्या फार व्यापक आहे. दलदल असो, तळे असो की खाडी. नैसर्गिक असो की माणसाने बांधलेली. पाणी बारमाही असो की हंगामी, गोडे असो की खारे. ओहोटीच्या वेळी ६ मीटरपर्यंत खोल असलेला समुद्रकिनाराही त्यात येतो. कराराच्या मूळ नावात पाणपक्ष्यांचा खास उल्लेख आहे. वीस हजारांहून अधिक पाणपक्षी नियमित येत असतील तर ती जागा यादीस पात्र ठरते. पण त्याच करारात ‘सुज्ञ वापर’ हे तत्त्वही आहे. पाणथळ जागा माणसाने वापरावी, पण ती मरणार नाही अशा रीतीने वापरावी, असा त्याचा अर्थ. आमच्या सरकारांनी पक्ष्यांचा निकष तोंडपाठ केला आणि सुज्ञ वापर मात्र प्रस्तावनेत टाकून दिला, ही आमची तक्रार आहे.

या जागा वाचवायच्या कशासाठी? १९७० नंतर जगातील पाणथळींचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग नष्ट झाला आहे. पाणथळ पावसाचे पाणी शोषून धरते, हळूहळू जमिनीत मुरवते, घाण गाळते, माशांना जन्माला घालते आणि पूर अडवते. ती बुजवली की पाणी आपली जागा शोधत माणसांच्या घरात शिरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. मिठी नदीच्या काठची दलदल भराव घालून बुजवली गेली होती, त्याच भरावावर बांद्रा-कुर्ला संकुलाच्या चकचकीत इमारती उभ्या होत्या. पाणी मात्र मिठीकाठच्या झोपड्यांतल्या भांड्याकुंड्यांवरून वाहिले. पाणथळ बुजवण्याचा नफा एकाच्या खिशात आणि तिचा पूर दुसऱ्याच्या घरात, हे या देशातले जुने गणित आहे. सखल जागेवर कोण राहतो, हे या देशात जातीवरून ओळखता येते. म्हणून पाणथळीचा प्रश्न हा आमचा प्रश्न आहे.

पण नुसते ‘वाचवा’ म्हणूनही भागत नाही. कोणापासून वाचवायचे आणि कोणासाठी, हे विचारावे लागते. राजस्थानातील भरतपूरचे उदाहरण घ्या. तिथले केवलादेव म्हणजे भारताच्या रामसर यादीतील पहिल्या दोन नावांपैकी एक, दुसरे ओडिशातील चिल्का. भरतपूरच्या महाराजांचे ते शिकारीचे रान होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या एका शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले आणि तो आकडा अभिमानाने दगडावर कोरून ठेवला गेला. त्या रानाचे पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८२ साली भोवतालच्या गावांच्या म्हशींना तिथे चरायला बंदी घालण्यात आली. सलीम अलींसारखे थोर पक्षितज्ज्ञही त्या बंदीच्या बाजूचे होते. गावकऱ्यांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. दगडावर कोरलेला पक्ष्यांचा आकडा पर्यटकांना आजही दाखवतात. त्या गोळीबारातील माणसांची नावे कोणत्या दगडावर आहेत?

पुढे जे घडले ते आणखी बोलके आहे. म्हशी गेल्या आणि गवत माजले. पास्पालम नावाच्या गवताने उथळ पाणी झाकून टाकले. पक्ष्यांना उतरायला, माशांना फिरायला उघडे पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दशकभर अभ्यास केला आणि म्हशींचे चरणे त्या पाणथळीला मारक नव्हे तर उपकारक होते, असा निष्कर्ष काढला. १९९० साली केवलादेवचे नाव रामसरच्या धोक्यातील स्थळांच्या नोंदवहीत गेले. त्यामागे पाण्याच्या टंचाईसारखी इतरही कारणे होती. पण ज्या गुराख्याला अडाणी म्हणून हाकलले, त्याच्याच म्हशी त्या पाणथळीची निगा राखत होत्या, हे विज्ञानानेच सिद्ध केले. शेवटी गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची परवानगी द्यावी लागली. ती परवानगी ‘सवलत’ म्हणून दिली गेली, हक्क म्हणून नव्हे, हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा.

आता पूर्वेकडे जाऊ. कोलकात्याचा उतार हुगळी नदीकडे नसून उलट पूर्वेकडे आहे. त्यामुळे शहराचे मैलापाणी कालव्यांतून पूर्वेच्या दलदलीत जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्रुबज्योती घोष नावाचे सरकारी अभियंते हे पाणी शेवटी जाते कुठे, याचा शोध घेत निघाले. त्यांना तिथे शुद्धीकरणाचा कोणताही कारखाना दिसला नाही. दिसले ते उथळ मत्स्यतलाव, ज्यांना तिथे ‘भेडी’ म्हणतात, आणि त्यांत काम करणारे मासेमार. मैलापाणी ठरावीक प्रमाणात तलावात सोडायचे, उन्हात काही दिवस मुरू द्यायचे, उन्हाने आणि जिवाणूंनी घाणीचे शेवाळ करायचे, शेवाळ माशांनी खायचे, काठाला जलपर्णी लावून बांध राखायचा. निवळलेले पाणी पुढे भातशेतीला. सुमारे अडीचशे भेड्या रोज कोट्यवधी लिटर मैलापाणी शुद्ध करतात. त्यातले सेंद्रिय प्रदूषण ८० टक्क्यांहून अधिक कमी होते आणि शहराला स्वस्त मासे मिळतात. शेजारच्या धापा भागात शहराच्या कचऱ्यावर पिकवलेली भाजी शहरालाच जाते. महानगराने ज्यासाठी कोट्यवधी रुपये मोजले असते, ते काम ही माणसे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत.

ही माणसे कोण? बहुतांश पौंड्र, नमशूद्र, बागदी अशा अनुसूचित जातींतली. शहराने ज्याला हात लावायचे नाकारले, त्याचे अन्न करून शहराच्याच ताटात वाढणारी. घोष यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. १९९२ साली एका नागरी संघटनेच्या याचिकेवर कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. ऑगस्ट २००२ मध्ये पूर्व कोलकात्याच्या १२,५०० हेक्टर पाणथळीचे नाव रामसर यादीत गेले. २००६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पक्ष्यांपेक्षा माणसाच्या सुज्ञ वापरामुळे गाजलेले हे स्थळ आहे, म्हणून त्याचे महत्त्व फार मोठे.

तरीही आम्ही तिथे टाळ्या वाजवून थांबणार नाही. बहुसंख्य भेड्या खासगी मालकांच्या ताब्यात आहेत, सहकारी संस्थांकडे अगदी थोड्या. कंबरभर मैलापाण्यात उभा राहणारा मजूर आहे, मालक नाही. कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून येणारे जड धातू त्याच पाण्यात मिसळतात. एका बाजूने सॉल्ट लेक, दुसऱ्या बाजूने राजारहाट अशी नवी शहरे याच प्रकारच्या दलदली बुजवून उभी राहिली आणि इमारतवाल्यांची नजर उरलेल्या पाण्यावर आहे. शिवाय काही पर्यावरणवादी मंडळी ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून या श्रमाचे गोडवे गातात, तेव्हा आम्हाला सावध व्हावे लागते. पारंपरिक ज्ञानाच्या नावाने जातीचा धंदा कोणाच्या गळ्यात बांधला जाऊ नये. गावगाड्याचे गुणगान बाबासाहेबांनी कधी ऐकून घेतले नाही. मासेमाराच्या पोराला डॉक्टर व्हायचे असेल तर तो डॉक्टर होईल. मासेमारी करायची असेल तर ती त्याने मालक म्हणून, हातमोजे आणि गमबूट घालून, प्रयोगशाळेची मदत घेऊन करावी. ज्ञानाचा मान हवा, पण त्या मानाबरोबर मालकी आणि निवडीचे स्वातंत्र्यही हवे. नाहीतर तो मान पोकळ आहे.

याच बंगालशी आमचे जुने ऋण आहे. १९४६ साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांचा संविधान सभेचा मार्ग बंद झाला, तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि नमशूद्र समाजाच्या प्रतिनिधींनी त्यांना बंगालमधून निवडून दिले. फाळणीने त्या समाजाची वाताहत झाली. निर्वासित म्हणून आलेल्यांना दूर दंडकारण्यात नेऊन टाकले गेले. तिथून १९७८ साली हजारो कुटुंबे परतली आणि सुंदरबनातील मरीचझापी बेटावर त्यांनी स्वतःच्या हिमतीवर वस्ती वसवली. सरकारचा पदर न धरता शाळा काढली, बांध घातले. डाव्या आघाडीच्या सरकारने हे राखीव वन आहे, वाघांचे क्षेत्र आहे, असे सांगून जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली. अन्न आणि पाणी तोडले. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात वस्ती जाळून बेट रिकामे करण्यात आले. किती माणसे मेली याचा सर्वमान्य आकडा आजही नाही, कारण तो मोजण्याची तसदी सरकारने घेतली नाही. श्रमिकांचे म्हणवणारे सरकारही दलितांच्या बाबतीत इतर सरकारांसारखेच वागले.

त्याच सुंदरबनचे नाव रामसर यादीत गेले ३० जानेवारी २०१९ रोजी, म्हणजे त्या गोळीबाराला ४० वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी. सव्वाचार लाख हेक्टरच्या आसपास पसरलेले ते भारतातील सर्वांत मोठे रामसर स्थळ आहे. तारखांचा हा योगायोग असेल. पण सोहळ्यात मरीचझापीचे नाव नसणे हा योगायोग नव्हे. आमचा खारफुटीला विरोध नाही, वाघालाही नाही. खारफुटीची भिंत नसेल तर चक्रीवादळात पहिले घर मासेमाराचेच वाहून जाईल. आमचा विरोध आहे तो वाघाचे नाव पुढे करून माणसाला उपरा ठरवण्याला. २००६ च्या वनहक्क कायद्याने पाणवठ्यांतील मासे आणि चराई यांवरचे हक्क मान्य केले आहेत. पण आदिवासी नसलेल्या वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वहिवाटीचा पुरावा मागितला जातो. ज्यांची वस्ती सरकारनेच जाळली, त्यांनी कागद कुठून आणावेत?

आता आपल्या दाराशी येऊ. नांदूरमध्यमेश्वरची पाणथळ निसर्गाने नव्हे, तर गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमलात बांधलेल्या बंधाऱ्याने निर्माण केली. बंधाऱ्यामागे गाळ साचला, पाणी उथळ झाले, पक्षी आले. म्हणजे माणसाने बांधलेले पाणीही जागतिक मोलाचे ठरू शकते. पण केंद्र सरकारचे २०१७ चे पाणथळ नियम काय सांगतात? ज्या जागा रामसर यादीत नाहीत, त्यांपैकी भातखाचरे, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी केलेली बांधकामे या नियमांच्या व्याख्येतूनच वगळली आहेत. आमच्या भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव सिंचनासाठी बांधलेले. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्या मुलखाची ती जीवनरेखा. त्यांवर धान पिकते, ढीवर समाज मासेमारी करतो. या नियमांच्या लेखी मात्र ते पाणथळच नाहीत. रामसरचा करार माणसाने बांधलेले पाणी मोजतो आणि आमचा नियम ते गाळतो. यादीतील स्थळे वाढवून छाती फुगवायची आणि यादीबाहेरच्या हजारो तलावांचे छत्र काढून घ्यायचे, हा दुटप्पीपणा आहे.

याच नियमांनुसार प्रत्येक राज्यात पाणथळ प्राधिकरण आहे. त्यात कोण बसतो? मंत्री, मुख्य सचिव, खात्यांचे सचिव आणि परिसंस्था, जलविज्ञान, मत्स्यव्यवसाय, भूप्रदेश नियोजन व सामाजिक-आर्थिक या विषयांचा एकेक तज्ज्ञ. कोळी, भोई, ढीवर, गुराखी, मीठ पिकवणारा आगरी, यांच्यापैकी कोणालाही तिथे हक्काची खुर्ची नाही. ज्याचे पोट पाण्यावर आहे त्याला हरकत नोंदवण्याची मुभा आहे, निर्णय घेण्याचा अधिकार नाही. प्रतिनिधित्वाशिवाय संरक्षण म्हणजे पालकत्व, आणि पालकत्वाखाली आम्ही हजारो वर्षे काढली आहेत.

म्हणून चळवळीने काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. पहिली, पाणथळ प्राधिकरणात आणि प्रत्येक रामसर स्थळाच्या व्यवस्थापन समितीत पाण्यावर जगणाऱ्या समाजांना कायद्याने प्रतिनिधित्व द्या, त्यात स्त्रियांना बरोबरीचा वाटा द्या. दुसरी, पक्षिगणनेबरोबर माणसांचीही गणना करा. कोण राहतो, कोणत्या जातीचा, ठेका कोणाच्या नावावर आणि राबतो कोण, हे जाहीर करा. तिसरी, मासेमारीचे ठेके प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना द्या. चौथी, सिंचनाच्या आणि पिण्याच्या पाण्याच्या जुन्या तलावांना नियमांच्या छत्राखाली परत आणा. पाचवी, वनहक्काचे दावे निकाली निघेपर्यंत संरक्षणाच्या नावाने एकही घर उठवू नका.

आणि एक मागणी आमची आमच्याशीच आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेला आकार दिला. नदीचे पाणी, पूर, वीज आणि गरिबाचे जिणे यांचा एकत्र विचार करणारा तो या देशातला मोठा नियोजनकार होता. त्याचे अनुयायी म्हणवणाऱ्या आम्हाला आपल्या तालुक्यातील तळ्यांची नावेही सांगता येत नाहीत. येत्या २० मार्चला महाडला जरूर जावे, चवदार तळ्याला वंदन करावे. परतल्यावर प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील तळी, दलदली, खाड्या यांची यादी करावी. कोणत्या जागेवर भराव पडतो आहे, सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढले आहे, तिथे कोण मासे धरतो, गुरे चारतो, कपडे धुतो, हे लिहून काढावे आणि ती यादी घेऊन तहसीलदाराच्या दारात उभे राहावे.

परदेशातून स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्याला या देशात पाहुण्याचा मान मिळतो, तो जरूर मिळावा. पण त्याच पाण्याच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या माणसाला अतिक्रमणदार ठरवणार असाल, तर ते संरक्षण आम्हाला मान्य नाही. चवदार तळ्यावर आम्ही ओंजळभर पाणी प्यायलो, तो फक्त तहानेचा प्रश्न नव्हता. पाण्यावर निर्णय कोणाचा, हा तो प्रश्न होता. तो अजून सुटलेला नाही.

जय भीम!